योहानातली बारा वचनं

थॉर्नफ्लीट, लिंकनशायर
मंगळवार, ७ डिसेंबर १८५८

प्रिय ॲम्ब्रोज,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद घे. पॅरिसहून पाठवलेलं तुझं पत्र शनिवारी पोचलं. ग्रंथालयात शेगडी नाही, बोटं आखडतात, आणि तू जुनं पान उलटायला लागलास की तिथला अधिकारी तुझ्या मानेवर श्वास सोडत उभा राहतो, हे वाचून मिसेस पिंडर आणि मी पोटभर हसलो. लोकरीचे हातमोजे पेटीत डाव्या बाजूला, सदऱ्यांच्या खाली आहेत. लेखणी धरता यावी म्हणून बोटांची टोकं मी आधीच कापून ठेवली आहेत. तू पेटी उघडून पाहिली नसशीलच. सात भाषा येतात माझ्या भावाला, पण स्वतःच्या वस्तू सापडत नाहीत.

इकडे सगळं ठीक. थंडी ओली आहे, हाडात शिरणारी. मिसेस पिंडरचे कान आणखी बिघडले आहेत. परवा मी चहा मागितला तर तिने मेंढीचं मटण चढवलं. चांगलं झालं होतं, म्हणून बोलले नाही. कोंबड्या अंडी द्यायचं विसरल्या आहेत.

छापखान्याकडून तुझ्या ग्रीक बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाची प्रुफं आली आहेत. सहाव्या अध्यायापर्यंत तपासून झाली. तुझ्यासारखं ग्रीक मला येत नाही, पण वीस वर्षं तुला एकेक शब्द वाचून दाखवला आणि तू जुन्या हस्तलिखित प्रतीशी ताडून ‘हं’ म्हणालास, त्यामुळे चूक माझ्या डोळ्याला आपोआप टोचते. आठव्या अध्यायाचं प्रूफ अजून हातात धरलेलं नाही. धरीन.

अभ्यासिकेच्या खिडकीच्या तीन काचा फुटल्या आहेत. तूर्त फळ्या ठोकून घेतल्या. तुझे कागद सुखरूप आहेत, वह्या सुखरूप आहेत. एकाही पानावर डाग नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण काचांचं वाचून तुझा जीव टांगणीला लागेल हे मी जाणते.

तुझ्या झोपायच्या खोलीत सध्या एक आजारी माणूस ठेवलं आहे. तू रागावणार नाहीस अशी आशा आहे. डॉक्टर दोनदा येऊन गेले. गादी बदलावी लागेल.

या आठवड्यात कपडे धुतले गेले नाहीत. लेटीला बरं नाही.

काल क्लिपशम आले होते, चर्चचे कारभारी म्हणून विचारपूस करायला. दारातच टोपी काढून उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. “पाद्रीसाहेबांच्या कागदांना काही झालं नाही ना, बाईसाहेब?” हे तीनदा विचारलं. बूट स्वच्छ होते. सोमवारी सकाळी क्लिपशमचे बूट स्वच्छ कधी असतात, तूच सांग.

एक गोष्ट विचारायची आहे. नोव्हेंबरात, तू निघण्याआधीच्या रविवारी जे प्रवचन दिलंस, त्याची लिहिलेली प्रत तुझ्याजवळ आहे की इथे? इथे असेल तर कुठल्या खणात? तू नेमके काय शब्द वापरलेस ते मला पाहायचं आहे. मी पहिल्याच बाकावर होते आणि मला आठवत नाही, याचं मलाच आश्चर्य वाटतं. आठवत नाही असं नाही. मला वेगळं आठवतं आणि गावाला वेगळं.

वरून हाक येते आहे. जाते.

तुझी,
थिओडोसिया


थॉर्नफ्लीट
शनिवार, ११ डिसेंबर

प्रिय ॲम्ब्रोज,

मंगळवारच्या पत्रात मी हातमोजे आणि कोंबड्या लिहीत बसले. मला माफ कर. दोन ओळींपुढे हात जात नव्हता.

लेटी डाउस गुरुवारी सकाळी वारली. तुझ्या खोलीत, तुझ्या पलंगावर. नऊ वर्षं ती आपले कपडे धूत होती. तुला तिचा चेहरा नीट आठवत असेल का, शंका आहे. कॉलर पांढरीशुभ्र असली की तू खूश, ती कुणी धुतली याच्याशी तुला कर्तव्य नव्हतं. सव्वीस वर्षांची होती, उंच, लाल हातांची, जिभेला धार असलेली. आंधळ्या आईला सांभाळत होती.

तिला गावाने मारलं.

क्रमाने सांगते. मागच्या आठवड्यातल्या बुधवारी गाड्या-चाकं बनवणारा नॅट हार्बी आणि लेटी यांना नॅटच्या बायकोने, सुझानाने, गाड्यांच्या छपरीत एकत्र पाहिलं. खोटं नव्हतं ते. लेटीनेही कधी खोटं म्हटलं नाही. मग गावाने आपली रीत सुरू केली. तवे, घमेली, बैलाचं शिंग घेऊन तीन दिवस बाईच्या दारापुढे गोंगाट करायचा, अचकटविचकट गाणी म्हणायची, शेवटच्या दिवशी गवताचा पुतळा जाळायचा आणि घरी जाऊन बिअर प्यायची. त्यानंतर त्या गोष्टीचा विषय पुन्हा काढायचा नाही. तू ही रीत रानटी म्हणायचास, मी म्हणायचे की निदान रक्त तरी निघत नाही. पुतळा एकच केला होता, झगा घातलेला. नॅटच्या पुतळ्यासाठी गवत कमी पडलं असावं.

तिसरा दिवस रविवार. दुपारच्या उपासनेला शेजारच्या गावचे पाद्री ओकशॉट आले, घाईघाईत आशीर्वाद दिला, घोड्यावर बसले आणि गेले. तीन वाजले होते, चांगला उजेड होता. हे लक्षात ठेव, ॲम्ब्रोज. उजेड होता. प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसत होता. मी अभ्यासिकेच्या खिडकीत उभी होते. लेटीचं घर गल्लीच्या तोंडाशी, तिथून आपलं फाटक दोनशे पावलं. खिडकी उघडी होती आणि वारा माझ्याच दिशेने वाहत होता.

पुतळा पेटेना. गवत भिजलेलं. तीनदा चूड लावली, तीनदा धूर झाला. पोरं खोकायला लागली, बायका हसायला लागल्या. तिथेच संपायचं हे. पण लेटी दार उघडून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून. गप्प बसणं तिला जन्मात जमलं नाही.

“काय हो क्लिपशम, पेटत नाही ना? माझ्या चुलीतला निखारा देऊ? तुमच्या घरी आग नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे!”

लोक हसले, तिच्या बाजूने हसले. क्लिपशमचा चेहरा इथून मला दिसला नाही, मान दिसली, ती लाल झाली. त्याच क्षणी सुझाना वाकली. वळणावर रस्तेदुरुस्तीच्या गारगोट्यांचा ढीग आहे, तुला माहीत आहे, क्लिपशमनेच ऑक्टोबरात टाकून घेतला. तिने त्यातली एक उचलली. जुना एनॉक, चर्चची घंटा वाजवणारा, म्हणाला, “सुझाना, ए पोरी, ठेव ते खाली. दगडाचं काय सांगितलंय प्रभूनं, विसरलीस होय? त्या बाईला मारायला आलेल्यांना तो म्हणाला, ज्यानं कधी पापच केलं नाही त्यानं पहिला दगड...”

“नाही सांगितलं!” ती किंचाळली. “प्रभू असलं काही बोललाच नाही! आपल्या पाद्रीसाहेबांनी सांगितलं नाही होय भर देवळात? जुन्या पुस्तकांत ती गोष्टच नाही म्हणून? कुणीतरी मागाहून घुसडली म्हणून?”

एनॉकने क्लिपशमकडे पाहिलं. मग क्लिपशम म्हणाला, अगदी शांतपणे, जसा तो चर्चच्या सभेत बोलतो, “बाई खोटं बोलत नाही. मीही ऐकलंय. पाद्रीसाहेब एवढे शिकलेले. ते का खोटं सांगतील?”

त्यानंतर दगड सुरू झाले.

लेटी घरात शिरली नाही. आत म्हातारी होती आणि दगड दारातून आत जात होते. ती गल्लीतून पळत सुटली, आपल्या बंगल्याकडे. डोक्यावरची टोपी उडाली. एक दगड पाठीत बसला, ती गुडघ्यावर आली, उठली. एक तोंडावर. माणसाला दगड लागला की आवाज येतो, ॲम्ब्रोज, ओल्या कणकेवर थाप मारावी तसा. मला तो माहीत नव्हता. आता भाकरीचं पीठ मळताना मिसेस पिंडर थापते तेव्हा मी मागच्या परसात जाऊन उभी राहते.

ती आपल्या पायरीपर्यंत पोचली. अभ्यासिकेच्या काचा तेव्हाच फुटल्या, तिला न लागलेल्या दगडांनी. मी दाराशी पोचेपर्यंत उशीर झाला होता.

दार उघडलं तेव्हा ती पायरीवर आडवी होती आणि समोर कुणीही नव्हतं. पन्नास माणसं, वाऱ्याने भुसा उडावा तशी गेली. डाव्या कानशिलाचं हाड आत गेलं होतं. जबडा निखळलेला, तीन दात हाताच्या मुठीत घट्ट धरलेले. डावा डोळा गेला. मिसेस पिंडर आणि मी तिला वर नेलं. चार दिवस जगली. शुद्धीवर येत होती, जात होती.

आता पुढचं. सोमवारी खानावळीत मृत्यूची सरकारी चौकशी आहे. ती करणारा अधिकारी, कॉरोनर, लिंकनहून येतो आहे. गावातल्याच बारा घरमालकांना पंच म्हणून बोलावलं आहे. हवालदाराने यादी मला दाखवली. पहिलं नाव क्लिपशमचं. दुसऱ्या सात जणांच्या हातात मी दगड पाहिले आहेत. साक्षीदार म्हणून फक्त माझं नाव आहे. बाकी कुणी काही पाहिलेलं नाही. सगळा गाव त्या दिवशी एकाएकी आंधळा झाला होता.

मी काय करू? मी खरं सांगितलं तर तुझं प्रवचन त्यात येणार. वर्तमानपत्रवाले येणार. बिशपसाहेबांना कळणार, आणि वसंतात तुझ्या विद्यापीठातल्या जागेची निवड आहे. वीस वर्षं ज्यासाठी तू डोळे फोडलेस ते सगळं एका गावंढ्या खुनाच्या बातमीत गुंडाळलं जाईल. आणि मी गप्प बसले तर क्लिपशम पंचांचा प्रमुख होऊन लिहून देईल की लेटी पळताना घसरून पडली.

हे पत्र तुला मिळेल तोवर चौकशी होऊन गेलेली असेल. उत्तराची वाट पाहण्यात अर्थ नाही हे कळतं, तरी मी पाहीन.

थिओडोसिया


थॉर्नफ्लीट
बुधवार, १५ डिसेंबर

ॲम्ब्रोज,

माझ्या पहिल्या पत्राला तू दिलेलं उत्तर सोमवारी सकाळी हातात पडलं, खानावळीकडे निघताना. दारातच उभी राहून वाचलं. कागद कुठे ठेवलेत, पेटीला कुलूप आहे का, ओल लागणार नाही ना, हे तू चार ठिकाणी विचारलं आहेस. प्रवचनावरून गावात काही कुजबुज असेल तर त्यात पडू नकोस, वसंतापर्यंत सांभाळून घे, असं लिहिलं आहेस. तुझ्या पलंगावर आजारी कोण आहे, हे विचारलेलं नाही.

पत्र खिशात घातलं आणि गेले.

कायदा असा की पंचांनी आधी प्रेत पाहायचं. खानावळीच्या मागच्या खोलीत, दोन पिंपांवर टाकलेल्या फळीवर लेटी होती. कॉरोनर वयस्कर, सर्दी झालेला गृहस्थ. त्याने स्वतः चादर काढली आणि म्हणाला, “जवळ या. प्रत्येकाने पाहायचं. घाई नाही.” बारा जण एकामागून एक गेले. क्लिपशमने छताकडे पाहिलं. कॉरोनर म्हणाला, “खाली, महाराज. खाली.” नॅट हार्बीही पंचांत होता. हो, त्यालाही नेमलं होतं. गावात घरमालक आहेतच किती! तो फळीपर्यंत गेला, पाहिलं, आणि तिथेच भिंतीशी ओकला. कुणी हसलं नाही.

मग मला बोलावलं. धर्मग्रंथाचं चुंबन घेऊन शपथ घ्यायची असते. खानावळीतली प्रत, मळकी, बिअरचा वास येणारी. हजारो वेळा मी ते शब्द तुला वाचून दाखवले असतील, पण ओठ त्याला पहिल्यांदाच लावले.

मी सगळं सांगितलं. पुतळा, गोंगाट, सुझाना काय म्हणाली, क्लिपशम काय म्हणाला, तुझं प्रवचन. नऊ नावं घेतली. दरेक नावाबरोबर बाकावरून शिवी येत होती. कॉरोनरने विचारलं, “पहिला दगड कुणी मारला?”

हे मी तुला शनिवारी लिहिलं नव्हतं. सुझानाने गारगोटी उचलली खरी, पण ती मारेना. हात वर गेला आणि तसाच राहिला. तेव्हा गर्दीतून नॅट पुढे आला आणि त्याने ती तिच्या हातातून काढून घेतली. मला हायसं वाटलं, ॲम्ब्रोज. वाटलं, शेवटी पुरुषासारखा वागला, अडवलं. लेटीलाही तसंच वाटलं असणार, कारण ती त्याच्याकडे बघून हसली. त्याने तो तिच्या तोंडावर मारला. पाच पावलांवरून.

“नॅट हार्बी,” मी म्हणाले. “तो तिथे बसला आहे, पंचांत.”

मग जे झालं ते सगळं सांगता येणार नाही. सुझाना बाकावरून उठली, पायातला लाकडी बूट काढला आणि नवऱ्याच्या डोक्यात घातला, एकदा, दोनदा, रक्त येईपर्यंत. “घरी रडून सांगतोस मी नव्हतो म्हणून! मेल्या! मी तरी मारला नाही, मी!” दोघांनी धरून तिला बाहेर काढलं. नॅटने हातही वर केला नाही. मागून कुणीतरी माझ्यावर बिअरचा पेला फेकला, तो खांद्यावर फुटला. कॉरोनर टेबल बडवून बडवून लाल झाला.

शांत झाल्यावर क्लिपशम उभा राहिला. पंचाला प्रश्न विचारता येतो. फार नम्रपणे बोलला.

“बाईसाहेब सगळ्यांचे हात बघत होत्या. बरं आहे. मग ती पोर तुमच्या पायरीवर दार बडवत होती तेव्हा तुमचे हात काय करत होते? मी तर मोजले. चाळीस वेळा तरी बडवलं असेल तिनं.”

मी त्याचंही उत्तर दिलं. तुला शनिवारी ‘उशीर झाला’ एवढंच लिहिलं होतं. जे चाळीस माणसांसमोर बोलले ते तुला लिहायला काय हरकत आहे?

तुझ्या वह्यांचे सुटे कागद मी त्या दिवशी लावायला काढले होते. टेबलावर मावत नाहीत म्हणून नेहमीसारखे जमिनीवर पसरले होते, अभ्यासिकेच्या उंबऱ्यापासून दिवाणखान्यातून थेट बाहेरच्या दारापर्यंत. चारही शुभवर्तमानं: मत्तय उंबऱ्याला लागून, मग मार्क, मग लूक, मग दाराशी योहान. वीस वर्षांचे. दार आतल्या बाजूला उघडतं. लेटी दार बडवायला लागली तेव्हा मी धावले आणि कागदांच्या कडेला येऊन थांबले. दार उघडलं की तिच्यामागून गर्दी आत येणार, चिखलाचे बूट तुझ्या योहानावर पडणार. मी ओरडले, “थांब, आलेच!” आणि खाली बसून कागद उचलायला लागले.

क्रमाने उचलले. ते कागद मी झाडूने लोटले असते, पायाखाली तुडवले असते, तरी चाललं असतं. मी पान क्रमांक बघून, एकावर एक ठेवून उचलत होते. दारावरचे ठोके मला ऐकू येत होते. मत्तय उचलला. मार्क उचलला. लूकच्या अकराव्या अध्यायाशी ठोके थांबले.

कॉरोनर शिंकला आणि त्याने लिहून घेतलं.

निकाल असा: कॉरोनरने ते पंच काढून टाकले, काल शेजारच्या गावातून नवे आणले. त्यांनी नॅटला दोषी धरलं. त्याला बेड्या घालून लिंकनला नेलं. बाकीचे ‘अज्ञात व्यक्ती’. नऊ नावं मी शपथेवर सांगितली होती, पण एकट्या बाईची साक्ष, आणि तीही कशी बाई, हे आता सगळ्यांना माहीत आहे. नॅटला गाडीत घातलं तेव्हा गावकऱ्यांनी त्याच्यावर चिखल फेकला. सर्वात पुढे क्लिपशम होता. सोमवारी संध्याकाळी आपल्या उरलेल्या खिडक्या फोडल्या. मिसेस पिंडरला कपाळावर काच लागली. तिला आवाज आला नाही, म्हणून ती खिडकीतून हलली नाही.

तू म्हणशील, सगळा दोष माझ्या प्रवचनावर टाकतेस. नाही. तू बोलणारच नव्हतास. तुला ती गोष्ट पुस्तकात, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात लॅटिनमध्ये लिहायची होती. “एवढंच पुरे,” म्हणालास. मीच तुला टोचलं. “लॅटिनमध्ये खरं बोलायचं आणि आपल्या माणसांसमोर गप्प बसायचं, ही कसली रीत? क्लिपशमला भितोस?” असं म्हणाले. जेवताना म्हणाले, चालताना म्हणाले, आठवडाभर तुझं डोकं खाल्लं. तू चिडून त्या रविवारी उभा राहिलास आणि बोललास. सत्य सांगणं म्हणजे धाडस, एवढंच मला कळत होतं. ते ज्यांना सांगायचं त्यांच्या हाताशी काय पडलेलं आहे, हे पाहावं लागतं, ते नव्हतं कळलं.

गुरुवारी, लेटी गेल्यावर, मी सगळ्या नकला पुन्हा काढल्या. वेड्यासारखी. एखाद्या जुन्या प्रतीत तरी, समासात तरी, एखादी ओळ निसटली असेल. तू बरोबर आहेस, ॲम्ब्रोज. आपण दोघं बरोबर होतो. सर्वात जुन्या प्रतींत, व्यभिचारात पकडलेल्या बाईला प्रभूने दगडांपासून वाचवलं, ती बारा वचनं नाहीत. आठव्या अध्यायाचं प्रूफ मी तपासलं, तू सांगितलंस तशी खूण केली आणि छापखान्याला पाठवलं. खोटं करणं माझ्याने झालं नाही. पण त्या बाराहून दुसरं एकही वचन मला आता पाठ म्हणावंसं वाटत नाही.

तुझे कागद तीन पेट्यांत भरून आज गाडीवाल्याबरोबर तुझ्या कॉलेजकडे पाठवले. पावती सोबत आहे. एक पानही हरवलेलं नाही. पुढच्या प्रतीसाठी दुसरं कुणी वाचायला शोध. मी उद्यापासून लेटीच्या आईकडे राहायला जाते आहे. म्हातारी मला आत घेईल की नाही माहीत नाही. तिला सगळं सांगितलं आहे. तिने चुलीकडे तोंड केलं.

तू ये. जागेसाठी नको, कागदांसाठी तर नकोच. ते सुरक्षित आहेत हे मी आता शेवटचं लिहिते. या लोकांसमोर त्याच व्यासपीठावर उभा राहा आणि त्यांच्याच भाषेत सांग, एखादी गोष्ट प्रतीत सापडली नाही म्हणून माणसाला माणूस मारायची मुभा मिळत नाही. तू नाही आलास तर ओकशॉट येतील, आशीर्वाद देतील आणि घोड्यावर बसतील.

आता एकच राहिलं. हे कॉरोनरला सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही.

गेल्या बुधवारी, ती जाण्याच्या आदल्या संध्याकाळी, लेटी शुद्धीवर आली. बोलणं कळत नव्हतं नीट, जबडा बांधलेला. मी तोंडाजवळ कान नेला. तिला माझी कीव आली होती, ॲम्ब्रोज. म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नका बाईसाहेब. तुम्हाला ऐकूच आलं नसणार. वाचत बसला असाल.”

माझ्या ओठावर खरं होतं. वीस वर्षं मी खऱ्यासाठी डोळे झिजवले, त्याच्यासाठी भावाला टोचलं, आणि पाच दिवसांनी त्याच्यासाठी खानावळीत शिव्या खाल्ल्या. त्या क्षणी त्याची गरज एकाच माणसाला होती, आणि तिचा हात माझ्या हातात होता.

मी म्हणाले, “हो गं. वाचत होते. नाही आलं ऐकू.”

ती म्हणाली, “मला वाटलंच,” आणि झोपली.

थिओडोसिया